जाळरेषेवर लागलेली झोप

मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसाची झोप कशी बिघडते हे तुम्ही लिहा, नव्याने या आजारात सापडलेल्यांना उपयोग होईल, असं माझ्या डॉक्टरबाईंनी सुचवलं. मी हो म्हणालो आणि चार महिने एक ओळ लिहिली नाही. माझ्या झोपेची गोष्ट खरी सांगायची तर ती दवाखान्यात सुरू होत नाही. ती धानोरा तालुक्यातल्या जंगलात सुरू होते, आणि तिच्यात माझ्यापेक्षा जास्त भोगलेला माणूस दुसराच आहे. त्याचं नाव सुकरू.

मी वनरक्षक होतो. आता वय सदुसष्ट. चंद्रपूरला मुलाच्या घरी राहतो, काठी घेऊन चालतो, उजव्या डोळ्याने धूसर दिसतं. म्हणून मी सांगतो आहे आणि माझी बायको कुसुम लिहून घेते आहे. तिची अट एकच आहे. काही गाळायचं नाही.

पाय

बावन्नाव्या वर्षी माझे पाय माझं ऐकेनासे झाले. पाठ टेकली की पोटऱ्या आवळायच्या, गुडघे वर ओढले जायचे आणि मग लाथ मारावी तसा पाय उडायचा. कुसुमने आधी आपली खाट हातभर सरकवली, मग दुसऱ्या खोलीत नेली. शिवाय चार-पाच वेळा लघवीला उठावं लागे. कधी वेळेत पोचायचो, कधी नाही. ही गोष्ट पुरुष सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो. जंगलात रोजची पायपीट होती, तिचा शीण असेल असं आम्ही धरून चाललो. मोहाच्या बियांचं तेल चोळलं, मिठाच्या पाण्यात पाय ठेवले.

रात्र अशी फाटली की दिवस तिची वसुली करतो. साध्या झोपेची चाहूल लागते, जांभई येते, डोळे जड होतात. ही झोप चाहूल देत नाही. भाताचा घास हातात असताना मी गेलो आहे. बैठकीत साहेब बोलत असताना गेलो आहे. बरोबरचे गार्ड मला कुंभकर्ण म्हणायचे आणि मीही हसायचो. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवायचा, डोळ्यांवर पाणी मारायचं, उभ्याने काम करायचं, असे उपाय मी शोधून काढले. डॉक्टरकडे जायचं मात्र सुचलं नाही. झोप येते म्हणून कोण दवाखान्यात जातो?

ती सकाळ

वणव्याचे दिवस लागण्याआधी जंगलात जाळरेषा काढतात. रस्त्याच्या आणि हद्दीच्या कडेने एक पट्टा साफ करून आपणच जाळायचा, म्हणजे पुढे आग आली तर तिथे थांबते. हे काम फेब्रुवारीतच संपवायचं असतं. त्या वर्षी पायांमुळे माझं मागे पडलं होतं, आणि कागदावर मी ‘काम पूर्ण’ असं लिहून बसलो होतो. मार्च निम्मा सरला, मोहफुलं गळायला लागली, तेव्हा उरलेला तुकडा मी गुपचूप जाळायला घेतला.

मोहफुलांच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळायची तिथे जुनी पद्धत. जमीन मोकळी झाली की गळलेलं फूल वेचायला सोपं जातं. त्यातून वणवे पसरतात. मी पाच वर्षं गावाच्या बैठकीत सांगत होतो, जाळू नका, खराट्याने झाडा. एक म्हातारा म्हणाला होता, मग जंगल झाडायला तुमची बायको पाठवा, गार्डसाहेब. सगळे हसले होते. ऐकलं ते एका घराने, सुकरूच्या. तो आणि त्याची बायको जानोबाई, दोघांनी आपल्या वाट्याच्या तीन मोहांखालची जमीन झाडून अंगणासारखी केली होती.

मी दोन मजुरांना पुढचा पट्टा साफ करायला पाठवलं आणि जळलेल्या पट्ट्यापाशी स्वतः थांबलो. शेवटची धग विझेपर्यंत तिथून हलायचं नाही, हा नियम मीच नव्या गार्डांना शिकवत असे. येनाच्या झाडाला टेकून बसलो. झोप लागल्याचं मला आठवत नाही. आठवतो तो बांबू फुटण्याचा आवाज. डोळे उघडले तेव्हा ऊन वर आलं होतं, वारा सुटला होता आणि आग पट्टा ओलांडून बांबूच्या रांजीत, म्हणजे बेटात, शिरली होती.

माणूस कोणी गेला नाही. जंगल मात्र दोन दिवस जळत राहिलं.

पहिल्याच संध्याकाळी वरचे साहेब आले आणि त्यांनी विचारलं, आग कुठून लागली. मी म्हणालो, “मोहाखालून.”

एवढं एकच उत्तर मी आधी ठरवलं नव्हतं. पुढचं सगळं मात्र ठरवून केलं. सगळ्यात जवळचे मोह सुकरूचे. झाडून लावलेला पाल्याचा ढीग, वणवा तिथवर पोचल्यावर, जळून राख झाला होता. सुकरूच्या कमरेला बिडीसाठी काडेपेटी होती. कागदावर माझी जाळरेषा पूर्ण होती, आणि मजुरांना कोणी विचारलं नाही. रिपोर्टाला आणखी काय लागतं? सुकरू माझ्यासमोर खराटा धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, “आमी तं झाडलो जी. तुमीच सांगतले होते.”

मी खाली बघून लिहीत राहिलो.

त्याला अकरा दिवस कोठडीत काढावे लागले. मग दोन वर्षं तारखांना गडचिरोलीच्या खेपा. शेवटी खेपा थांबाव्यात म्हणून, आग मी लावली, चूक झाली, अशा कागदावर त्याने सही केली. गावात त्याचं नाव आगलाव्या पडलं. जंगल राखायला ग्रामसभा दरवर्षी गावातलीच माणसं नेमते. तिथला सगळ्यात जाणता राखणदार तो होता. त्याचं नाव त्या यादीत पुन्हा कधी आलं नाही.

निदानाचा दिवस

वणव्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी उजव्या डोळ्यापुढे राखाडी पडदा आला. चंद्रपूरला आठवड्यातून एकदा मेंदूचे डॉक्टर येत. त्यांनी एमआरआय काढायला लावला, पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, आणि फिल्म उजेडासमोर धरून पांढरे ठिपके दाखवले. आजाराचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं. कुसुमने विचारलं, “कॅन्सर तं नाई ना?” ते नाही म्हणाले, तेव्हा ती तिथेच खुर्चीवर मागे टेकली.

मग त्यांनी झोपेचं विचारलं. रात्री कशी लागते, किती वेळा उठता. ते मी सांगितलं. पुढे ते म्हणाले, “दिवसा नकळत डोळा लागतो का? कामावर असताना कधी?”

कुसुमने तोंड उघडलं होतं. तिच्या आधी मी म्हणालो, “नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, नोकरी जाईल म्हणून मी लपवतो आहे. पण मला वेगळंच दिसत होतं. डॉक्टर ते लिहितील, कागद ऑफिसात जाईल, आणि कोणीतरी हिशेब लावेल की हा माणूस दोन वर्षांपूर्वी जाळरेषेवर एकटा होता. त्या एका उत्तराने माझ्या झोपेवरचे उपचार दहा वर्षं लांबले. वाचणाऱ्याला या आजाराबद्दल माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी. डॉक्टरला झोपेबद्दल खरं सांगा. लाज वाटत असेल तर लाजत सांगा, पण सांगा.

वॉर्डातले पाच दिवस

पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. डोळा बराचसा सुधारला. पण त्या औषधाने उरलीसुरली झोपही जाते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगून ठेवतो. तोंडाला कडू चव, छातीत धडधड, आणि मन एकाच जागी घिरट्या घालतं. माझी जागा ठरलेली होती.

रोज सकाळी सिस्टर विचारायची, “काका, झोप लागली?” मी हो म्हणायचो. शेजारच्या खाटेवर कोळसा खाणीतला एक माणूस होता. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “काका खोटं बोलून राह्यले, सिस्टर. रातभर पंखा पाहात होते.” मी म्हणालो, तुमच्या घोरण्यानेच जागा होतो. सगळे हसले आणि माझं खोटं हसण्यात मुरून गेलं. तिथल्या आयाबाईने मात्र काही न विचारता माझ्या उडणाऱ्या पायांवर ओला पंचा पसरला. थोड्या वेळाने पाय निवले. तिचं नावही मी विचारलं नाही.

घर

पुढे मला लाकडाच्या डेपोत बसून करायचं काम दिलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी निवृत्त झालो. चंद्रपूरचा मे महिना या आजाराच्या माणसासाठी नाही. अंग तापलं की पाय कापसाचे होतात, शब्द अडखळतात, आणि दुपारी पडलो की संध्याकाळ झाल्यावरच उठतो. मग रात्र पुन्हा रिकामी.

माझ्या पडण्याच्या भीतीने कुसुमही जागी असायची. तिचं ब्लडप्रेशर वाढलं. मुलगा प्रशांत चिडायचा, बाबांनी दिवसा झोपू नये एवढं साधं त्यांना जमत नाही का, म्हणून. एकदा मी कुसुमला म्हणालो की तुला माझा त्रास कळत नाही. ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “तुमच्या आजाराले नाव तरी हाये. माझ्या जागरनाचं काय नाव हाये, सांगा.”

आमच्या घरी सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे वंदना होते. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला माझा आवाज मोठा व्हायचा, कारण दारूला मी जन्मात शिवलो नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मी इतरांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायचो.

वही

गेल्या वर्षी नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत माझे सगळे जुने कागद बाजूला ठेवले आणि कुसुमला एक वही करायला सांगितली. किती वाजता अंथरुणावर, किती वेळा जाग, कशाने, दिवसा किती वेळा डोळा लागला, कुठे. पंधरा दिवसांत त्या वहीवरून त्यांनी औषधांच्या वेळा बदलल्या, सूर्य मावळल्यावर पाणी तोडलं, आणि दुपारी बरोब्बर अर्धा तास, गजर लावून, झोपायला लावलं. पाय पूर्वीच्या निम्मेच उडू लागले. एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते एका वहीने केलं, कारण वही कुसुम लिहीत होती.

वहीच्या शेवटी बाईंनी काही प्रश्न दिले होते. त्यातला एक होता : दिवसा नकळत झोप लागून कधी अपघात झाला आहे का? कधी, कुठे?

कुसुमने प्रश्न वाचला आणि पेन धरून थांबली. कूलर चालू होता. मी म्हणालो, लिही, जाळरेषेवर. आणि मग थांबता येईना. येनाच्या झाडापासून सुकरूच्या खराट्यापर्यंत सगळं सांगितलं. पहिल्या शब्दानंतर तिने काही लिहिलं नाही. माझं संपल्यावर तिने पेनाला टोपण लावलं.

“हे मले सांगून काय होते?” ती म्हणाली. “वहीत लिवलं तं तुमाले दवाई भेटल. सुकरूले काय भेटल?”

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. प्रशांतला कळलं तेव्हा तो म्हणाला, चौदा वर्षं झाली, आता चौकशी लागली आणि पेन्शन अडकली तर तुमच्या औषधांचं काय करायचं? तो चुकीचं बोलत नव्हता. मी कुसुमकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, धानोऱ्याला जायला बस किती वाजता आहे.

सुकरूचं अंगण

सुकरूचे केस पांढरे झाले होते. मी काठी टेकत आलो तेव्हा त्याने मला लगेच ओळखलं आणि खाट टाकली. जानोबाईने पाणी आणलं. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, कारण थांबलो असतो तर दमून झोपलो असतो.

सुकरू बिडी हातात फिरवत म्हणाला, “मले मालूम हाये, साहेब. मी पाह्यलो होतो तुमाले.”

त्या सकाळी तो नाल्यावरून पाणी घेऊन माझ्यासमोरून गेला होता. मी तोंडावर टोपी घेऊन पडलो होतो. त्याला वाटलं, गार्डसाहेब पिऊन पडले. “पेऊन पडलेल्या मानसाले आमी उठवत नाई जी. त्याची लाज राखाची असते. उठवलो असतो तं बरं झालं असतं. ते माझ्या मनात राह्यलं.”

चौकशीत तू हे का नाही बोललास, असं मी विचारलं. तो म्हणाला, गार्ड पिऊन पडला होता असं सुकरूने सांगितलं तर कोण मानतं?

मी एवढी वर्षं वाहत होतो ते ओझं या माणसानेही वाहिलं होतं, तेही मला जागं केलं नाही म्हणून. मी त्याला माझ्या आजाराबद्दल सांगू लागलो. पायांचं, रात्रीचं, ही झोप न सांगता येते ते. जानोबाई चुलीपाशी होती. ती उठून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“आजारानं झोपले म्हंता. बरं, मानलं,” ती म्हणाली. “मंग ते लिवलं, ते बी आजारानंच लिवलं का?”

मी नाही म्हणालो.

“मंग इथी आंगनात नोका सांगू. आमाले तं मालूमच हाये. गावात सांगा, सभेत.”

मी विचारलं, हे सगळं मी कागदावरही मांडणार आहे, सुकरूचं नाव लिहिलं तर चालेल का? ती म्हणाली, “लिवा. खोटं लिवलं तवा बी नावच लिवलं होतं.”

सभा

फेब्रुवारीत राखणदार नेमायची ग्रामसभा भरली. मी आणि कुसुम सकाळच्या बसने गेलो. सभा दुपारी दोनला सुरू झाली. तीच माझी सगळ्यात वाईट वेळ. गजर लावून घ्यायची अर्ध्या तासाची झोप प्रवासात बुडाली होती. माझा विषय चौथा होता. पहिला विषय हातपंपाचा, आणि त्यावर भांडण लागलं. पत्र्याखाली ऊन उतरलं होतं. माझ्या मांड्या जड झाल्या, समोरची माणसं लांब जायला लागली. मी मांडीला चिमटे काढत होतो. एकदा मान खाली गेली ती कुसुमच्या कोपराने वर आली. मला एकच भीती होती. हे लोक मला पुन्हा झोपलेला बघतील, आणि मी न बोलता घरी जाईन.

कुसुम उभी राहिली. अध्यक्षांना म्हणाली, “भाऊ, यांचं आधी घ्या. नाई तं हे झोपतीन.”

सभा हसली. अध्यक्षही हसले आणि मला बोला म्हणाले.

मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. चौदा वर्षांपूर्वी लागलेली आग सुकरूने लावली नव्हती, मी म्हणालो. त्याच्या मोहाखाली आग नव्हती, जमीन झाडलेली होती. आग माझ्या जाळरेषेवरून गेली. मी तिथे झोपलो होतो, आणि उठल्यावर सुकरूचं नाव लिहिलं.

आता कोणी हसत नव्हतं. मागून एकाने विचारलं, दारू प्यायला होतात का? मी नाही म्हणालो. आजाराने झोपलात का? मी म्हणालो, “हो. झोपलो आजाराने. पण कागद लिहिला तेव्हा मी पूर्ण जागा होतो.”

हे वाक्य माझं नाही, जानोबाईने ते माझ्याकडून काढून घेतलं होतं. ती बायकांमध्ये बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

अध्यक्षांनी सुकरूला विचारलं, तुला काय म्हणायचं आहे? तो गोंडीत दोन शब्द बोलला, मग माझ्याकरता मराठीत म्हणाला, “माझं नाव राखनीत लिवा.” ते लिहिलं गेलं. मी लेखी जबाब दिला, त्यावर सही केली. त्याची प्रत वन कार्यालयालाही पाठवली आहे. अजून उत्तर नाही. पेन्शन या महिन्यापर्यंत आली, पुढचं माहीत नाही. प्रशांत माझ्याशी पुन्हा बोलायला लागला आहे, थोडंथोडं.

असं सांगून टाकल्यावर मला शांत झोप लागली, असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. पाय उडतात, चार वेळा उठतो, वही चालू आहे. आजार माफी मागितल्याने बरा होत नाही, औषधाने आटोक्यात राहतो, आणि औषध खऱ्या उत्तरावर मिळतं. एवढं मात्र खरं की आता बाईंनी काहीही विचारलं तरी मला आधी विचार करावा लागत नाही.

सभेनंतर आम्ही बसची वाट बघत फाट्यावर बसलो होतो. सुकरू चालत आला. त्याने आमची पिशवी उचलून सावलीत ठेवली आणि कुसुमला बस कधी येईल ते सांगितलं. मी उठायला गेलो तर त्याने हातानेच बसा म्हटलं.

“दवाई टायमावर घेत जा, साहेब,” तो म्हणाला. “पर आता गावात येऊ नोका.”

मी बरं म्हणालो. त्यानंतर मी तिकडे गेलेलो नाही.